शेजारच्या सीटचा ब्रेक

३ मार्च, रविवार

मोटार ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या नोंदींची दोन कोरी रजिस्टरं उरली होती. एकावर ही गरम भांडी ठेवते. दुसरं मी आजपासून लिहायला घेतलंय. आमच्या घरात पाण्यातला खेळ शिरला आहे, आणि पुढेमागे काही कमी-जास्त झालं तर लेखी नोंद असलेली बरी.

हिने परस्पर दोघांची नावं तलावावरच्या कयाक क्लबात घातली. मला काल संध्याकाळी कळलं. "अहो, उद्या पाचला उठायचंय," एवढंच म्हणाली. मला वाटलं कोणीतरी गेलं.

कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांब, अरुंद होडी. शेंगेत दाणे बसावेत तशी दोन माणसं एकामागे एक बसतात. प्रत्येकाच्या हातात एक वल्हं, त्याला दोन्ही टोकांना पाती. हॉर्न नाही, आरसा नाही, ब्रेक नाही. ब्रेकचं मी मुद्दाम विचारलं. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात. ती म्हणाली, "काका, ब्रेक कशाला? वल्हवायचं थांबलं की होडी थांबते."

"किती अंतरात?"

यावर ती नुसती हसली. चार हजार एकशे बारा माणसं माझ्या हाताखाली गाडी शिकली. त्यातलं एकही हे अंतर पाठ असल्याशिवाय रस्त्यावर गेलं नाही.

जड माणूस मागे बसतो आणि मागचा माणूस दिशा देतो, असा नियम आहे. म्हणजे मी मागे, ही पुढे. हे रास्तच झालं.

शेरा : हिच्यात उत्साह भरपूर, सावधगिरी शून्य.

५ मार्च, मंगळवार

कपाटाच्या दारावर हिने एक कागद चिकटवला आहे. एप्रिलच्या शेवटी क्लबाची नदीवर तीन दिवसांची सफर आहे. नवशिक्यांनी दोघांच्या होडीतूनच जायचं. त्यासाठी अट एकच. तलावाच्या पलीकडे जुनं पंपघर आहे, तिथवर जाऊन परत यायचं. पाच किलोमीटर. सत्तर मिनिटांच्या आत.

मी म्हटलं, "बघू."

"बघू नाही. मला ती नदी करायचीय."

ही एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषणा करत होती. घरातही तोच आवाज. 'जेवण तयार आहे' हे दोनदा सांगते, दुसऱ्यांदा जरा सावकाश. तर त्याच आवाजात मला म्हणाली, "एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, कुठली गाडी कुठे जाते आणि किती वाजता. सगळी गावं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही बघितलं नाही. आता मी जाणार."

मग लेकीचा फोन आला. ती बातमी ऐकून हसतच सुटली. "बाबा, तुम्ही पाण्यात? तिथे शेजारची सीट नाहीये हां!" मी म्हटलं, मागची आहे. यावर ती आणखी हसली. का, ते कळलं नाही.

१० मार्च, रविवार

पहिली फेरी. एकशे चार मिनिटं. आम्ही काठाला लागलो तेव्हा बाकीच्यांचे डबे खाऊन, धुऊन झाले होते.

पुढे बसून ही 'एक, दोन' मोजते, त्यावर दोघांनी वल्हं मारायचं. आवाज असा खणखणीत, की तलावावरच्या इतर होड्याही तिच्याच मोजणीवर चालू लागल्या. दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा अशी एक जोडी आहे. ती दोघं तर आमच्या मागून येऊन, हिच्या 'एक, दोन'वर वल्हवत आमच्या पुढे निघून गेली. जाताना डॉक्टर 'थँक यू वहिनी' म्हणाले.

एवढं असून आमचीच होडी तेवढी चालत नव्हती. होडी क्रमांक तीन. होडीत दोष आहे.

माझ्या बाजूने कसूर नव्हती. वल्हं मी पूर्ण ताकदीने मारतो. फक्त मधूनमधून ते पाण्यात उभं रोवून धरतो. त्याने वेगाचा अंदाज येतो. एकदम वेग वाढला, समोर कोणी दिसलं, किंवा ही फार रंगात येऊन मोजायला लागली, की तेवढंच करतो. सवारी हातात राहते.

१७ मार्च, रविवार

हट्टाने होडी बदलून सात नंबर घेतली. अठ्ठ्याण्णव मिनिटं. तीन नंबर डॉक्टरांनी नेली आणि पहिले आले.

"नाचता येईना अंगण वाकडं," ही म्हणाली. कोणाला उद्देशून, ते सांगितलं नाही. मी तिला समजावलं, की सात नंबरच्या तळाला शेवाळ असणार. तर म्हणे, सकाळी मीच घासून पुसून ठेवली होती. यावर मी वाद वाढवला नाही.

१९ मार्च, मंगळवार

उजव्या पायाची पोटरी दुखतेय. वल्हवणं हातांचं काम. पायाला काय झालं, कळत नाही. मलम लावलं.

२४ मार्च, रविवार

शिट्टीबाईने आज विचित्र प्रयोग केला. मला पुढे बसवलं, वल्हं काढून घेतलं. ही मागे. "काका, तुम्ही आज फक्त सामान," असं सर्वांदेखत म्हणाली. पोरीला मोठ्यांशी बोलायची रीत नाही.

हिने एकटीने होडी नेली आणि आणली. ब्याऐंशी मिनिटं.

दोघांनी वल्हवून अठ्ठ्याण्णव आणि एकटीने ब्याऐंशी. मी यावर विचार केला. वारा पाठीशी असावा. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा.

नंतर चहा पिताना शिट्टीबाई माझ्या शेजारी येऊन बसली. "काका, तुम्ही गाडी शिकवायचात ना? ती शेजारच्या सीटलाही ब्रेक असलेली?"

"एकतीस वर्षं. एकही अपघात नाही."

"हं," ती म्हणाली आणि उठून गेली. मला तो 'हं' आवडला नाही.

३१ मार्च, रविवार

डॉक्टरांचा मेहुणा घरात स्टुलावरून पडला. मनगट प्लॅस्टरमध्ये. माणूस नदीवर पडत नाही, स्टुलावरून पडतो. आज डॉक्टर एकटेच आले आणि मला म्हणाले, "मास्तर, एका फेरीपुरतं वहिनींना नेऊ का?" मी तोंड उघडायच्या आत ही होडीत बसलीसुद्धा.

मी काठावर उभा राहून पाहिलं. पंपघराला वळसा घालताना होडी फार तिरकी झाली. एवढ्या लांबून मला काय करता येणार होतं? काही नाही. तरी उभा राहिलो. दोघं परत आली तेव्हा शिट्टीबाईने घड्याळ दाखवलं. एकसष्ट मिनिटं.

ही तोंडभर हसत उतरली. केसांतून पाणी गळतंय, टोपी वाहून गेलेली, आणि हसतेय. तिला असं हसताना मी आधी पाहिलंय. पण कधी, ते काही केल्या आठवेना. मला वाईट वाटलं. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

चालायला लागलो तर उजवा बूट ओलाचिंब. मी उभा होतो तिथे वाळूत वीतभर खड्डा पडला होता आणि त्यात पाणी भरलं होतं. डाव्या पायाखाली काही नव्हतं.

१ एप्रिल, सोमवार

सकाळी मी विचारलं, "डॉक्टर एवढं काय वेगळं करतात?"

ही ब्रेडचे तुकडे भाजत होती. मागे न वळता म्हणाली, "काही नाही करत. तेच वेगळं."

"म्हणजे?"

"अहो, होडीत मागे बसून तुम्ही काय करता ते मला पहिल्या दिवसापासून माहितेय. पाठीला डोळे नाहीत, पण होडी अडखळते ते कळतं. मैदानात केलंत तेच करताय."

कुठल्या मैदानात, मला खरोखर आठवेना. मग तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसली. अशी ती फार क्वचित बसते.

लेक तेव्हा चार वर्षांची. हिने गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. मी एका सुट्टीच्या दिवशी स्कूलची गाडी घेऊन हिला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं. ही स्टिअरिंगवर, मी शेजारी. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी माझ्या बाजूचा ब्रेक अकरा वेळा मारला.

"अकरा?"

"अकरा. मी मोजले. बाराव्याची वाट नाही बघितली. किल्ली फिरवून गाडी बंद केली, उतरले आणि चालत घरी आले. तुम्हाला वाटलं, मला भाजी आणायचीय."

हे मात्र मला आठवलं. भाजीचं.

मी विचारलं, "समोर काही आलं होतं का?"

"काही नव्हतं समोर. मैदान होतं."

लोक विचारायचे, मास्तर, हजारो लोकांना शिकवलंत, वहिनी कशा काय बसने जातात? मी दरवेळी सांगायचो, हिला गाडीची आवडच नाही. तसं सांगताना बऱ्याचदा ही शेजारीच उभी असायची. कधी काही बोलली नाही.

आज बोलली. "मला तुमच्याबरोबर जायचंय. पण जायचंय. तुमच्याबरोबर नाही जमलं तर डॉक्टरांबरोबर जाईन. कळलं?"

कळलं म्हणालो. ब्रेड करपला होता. आम्ही तसाच खाल्ला.

४ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस विचार करून माझी बाजू मांडतो. शेजारच्या ब्रेकचा अर्थ अविश्वास असा नाही. शिकणारा चुकणारच. चुकायच्या आधी सावरायचं, यालाच शिकवणं म्हणतात. चार हजार एकशे बारा विद्यार्थी, अपघात शून्य. हे आकडे खोटं बोलत नाहीत.

हे लिहून औषधाच्या दुकानात गेलो, पोटरीचं मलम संपलं म्हणून. दुकानदारीणबाई माझी जुनी विद्यार्थिनी. पहिल्या फटक्यात पास झालेली. मी सहज विचारलं, गाडी कशी चाललीय.

"गाडी? विकली ना मास्तर, सहा महिन्यांत. तुम्ही शेजारी नसलात की मला भीतीच वाटायची. चुकले तर कोण थांबवणार?"

कौतुकानेच म्हणाली असेल. मलम न घेताच घरी आलो.

७ एप्रिल, रविवार

नवी पद्धत. ही मागे, मी पुढे, दोघांकडे वल्ही. दिशा तिच्याकडे. मी नुसतं मोजणीवर वल्हवायचं. थांबवायची ऊर्मी आली की वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवायचं आणि हात वर घ्यायचे. शिट्टीबाई म्हणाली, "काका, तुम्ही काही नाही केलंत तरी चालेल. फक्त उलटं करू नका." असला पगार नसलेला अपमान मी आयुष्यात प्रथमच घेतो आहे.

पुढे बसलं की समोरचं सगळं पाणी अंगावर येतं. आणि मागच्या माणसाचं काहीच दिसत नाही. ती वळवणार कुठे, कधी, वळवणार तरी का, काही पत्ता नाही. ही इतके दिवस माझ्यापुढे अशीच बसत होती.

एकोणऐंशी मिनिटं.

१४ एप्रिल, रविवार

बहात्तर मिनिटं.

माझ्या मनात ब्रेक आला की म्हणे माझे खांदे कानापर्यंत चढतात. ही मागून पाहते आणि तलावभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "वल्हं मांडीवर. वल्हं मांडीवर." दोनदा. दुसऱ्यांदा जरा सावकाश. आज पलीकडच्या होडीतल्या एका अनोळखी गृहस्थानेही आपलं वल्हं मांडीवर ठेवलं.

आणखी दोन मिनिटं कमी केली की झालं. परतताना गाडीत ही गुणगुणत होती. घोडामैदान जवळच आहे.

२१ एप्रिल, रविवार

आज परीक्षा होती. जसं झालं तसं लिहितो.

जाताना चौतीस मिनिटं. उत्तम. मी एकदाही रोवलं नाही. वल्हं दोनदा मांडीवर ठेवलं, तेही सांगितल्यावर. पंपघर आलं. ही वळवायला लागली. तेवढ्यात उजवीकडून डॉक्टरांची होडी आली. आज ते लेकाला घेऊन आले होते, नुसती मजा म्हणून. किती लांब होती? आता विचार केला तर तीन बसगाड्या सहज मावल्या असत्या. तेव्हा विचार झालाच नाही. मागून आवाज आला, "वल्हं मांडीवर", आणि माझे हात आधीच पाण्यात होते. अख्खं वजन टाकून मी वल्हं रोवलं.

होडी जागेवर गरकन फिरली आणि काठच्या लव्हाळ्यात जाऊन रुतली. बाहेर काढायला चार मिनिटं गेली. बाहेर निघाल्यावर हिने 'एक, दोन' सुरू केलं. पूर्वीच्याच आवाजात. येताना दोघांनी जिवाच्या आकांताने वल्हवलं.

त्र्याहत्तर मिनिटं.

शिट्टीबाईने घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "पंपघराजवळ काय झालं? वारा आला का?"

ही म्हणाली, "हो. वारा—"

"वारा नव्हता," मी म्हटलं. "ब्रेक मारला. मी मारला. समोर काही नव्हतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे ऐकत होते. पण बोललो आणि एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा पोटरी सैल पडली.

शिट्टीबाई हिला म्हणाली, की तुमची डॉक्टरांबरोबरची एकसष्ट मिनिटं नोंदलेली आहेत. त्यांचा मेहुणा काही येत नाही आणि मुलाची शाळा आहे. यायचं असेल तर जागा आहे. डॉक्टर लगेच म्हणाले, "या ना वहिनी." हिने माझ्याकडे पाहिलं. जावं की नाही हे ती विचारत नव्हती, तेवढं आता मला समजतं. तिला वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मी म्हटलं, "जा. टॉर्चमध्ये नवे सेल घालून देतो."

२६ एप्रिल, शुक्रवार

सकाळी हिला नदीवर सोडून आलो. बारा जण, सहा होड्या. लाइफ जॅकेटचे पट्टे तीनदा तपासले. हिचे. मग डॉक्टरांचेही तपासले. ते तोंड उघडून उभे राहिले, सवयीने असेल. चौथ्यांदा तपासायला गेलो तर ही म्हणाली, "अहो, पुरे."

पहिल्याच वळणाला पाणी खळाळत होतं. ती तिथून गेली. मग दिसेनाशी झाली.

घरी येऊन डाळभात गरम केला. 'जेवण तयार आहे,' म्हटलं. दोनदा. घर फार मोठं वाटतं.

२७ एप्रिल, शनिवार

गॅरेजमध्ये गेलो. स्कूल बंद करताना शेवटची गाडी मीच ठेवून घेतली होती, तीच आम्ही वापरतो. गॅरेजवाला जुना माणूस, ही गाडी त्यानेच सांभाळलेली. मी सांगितलं, "शेजारच्या सीटकडचं ब्रेकचं पेडल काढायचं."

"का हो मास्तर? काय झालं?"

"करकर वाजतं."

त्याने वाकून हाताने दोनदा दाबून पाहिलं. "नाही वाजत."

"तू काढ."

त्याने स्पॅनर आणला आणि गाडीखाली सरकला. तासाभराने पेडल हातात घेऊन बाहेर आला. त्यावरच्या रबरावर बोट फिरवत म्हणाला, "गंमत बघा मास्तर. ड्रायव्हरकडच्या पेडलची नक्षी अजून दिसतेय. हे पार गुळगुळीत झालंय. गाडी चालवत होतं कोण?"

मी त्याचे पैसे दिले. पेडल वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. वजनाला चांगलं आहे. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावून ठेवलं.

लेकीचा फोन आला. "आईचा फोन आला का हो?" म्हटलं, नदीत रेंज नसते. "मग तुम्ही काय करताय एकटे?" म्हटलं, गाडीचं किरकोळ काम होतं.

२८ एप्रिल, रविवार

तीन वाजता सांगितलं होतं, मी एक वाजताच पोचलो. नदीच्या खालच्या अंगाला एक लाकडी धक्का आहे. होड्या एकेक करून आल्या. ही चौथीत. मागच्या सीटवर. डॉक्टर पुढे. नाकाची सालं निघालेली, आवाज बसलेला. एकतीस वर्षांत हिचा आवाज बसल्याचं मला आठवत नाही.

गाडीत बसून बोलायला लागली ती थांबेचना. घोगऱ्या आवाजात, हातवारे करून. पहिल्या दिवशी होडी उलटली, डॉक्टरांचा चष्मा गेला, ते पुढचे दोन दिवस हिच्याच आवाजावर वल्हवत होते. एका ठिकाणी नदी दोन खडकांमधून जाते, तिथे शिट्टीबाईने सर्वांत पुढे हिची होडी पाठवली. "वेग इतका होता, अहो, इतका होता, आणि मी तो तसाच जाऊ दिला!" मी म्हटलं, "मग?" म्हणाली, "मग काय? पलीकडे निघालो."

बोलता बोलता तिने पाय लांब केले.

एवढी वर्षं या गाडीत ही पाय आखडून बसत आली, त्या पेडलला धक्का लागू नये म्हणून. मला ते कधी दिसलं नव्हतं. आता तिने खाली वाकून पाहिलं. पेडल होतं तिथे नुसती चौकोनी खूण आहे.

"हे कुठे गेलं?"

"वाजत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी रस्त्याकडे.

गावाबाहेर ते मैदान अजून आहे. निम्म्यात गोदामं झाली, निम्मं मोकळं. मी गाडी आत घातली, मधोमध थांबवली, उतरलो, पलीकडे जाऊन तिचं दार उघडलं. म्हटलं, "सरक तिकडे." मग आठवलं. "पण तुझ्याकडे लर्निंग लायसन्स नाही. मैदान असलं तरी नियम तो नियम. उद्या अर्ज—"

तिने पर्स उघडली आणि एक कागद माझ्या हातात दिला. लर्निंग लायसन्स. तिचा फोटो. तारीख सात फेब्रुवारी. म्हणजे क्लबात नाव घालायच्या आधीची.

"दुसऱ्या स्कूलमध्ये जाणार होते," ती म्हणाली. "चौकातल्या. पैसे भरायला निघाले आणि तुमचं तोंड डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, आधी पाण्यात बघून घेऊ. पाण्यात कोणाला लागत नाही."

मी कागद घडी करून तिला परत दिला. मी शेजारच्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला. तिने आरसा नीट केला, सीट पुढे ओढली. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा गाडी निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये ती मैदानाच्या टोकाकडे चालली, मग वेग वाढला, मग आणखी वाढला. माझा पाय खाली गेला. खाली काही नव्हतं. गाडी गेली तशी गेली. टोकाला गोदामाची भिंत आली, तिने स्वतःचा ब्रेक स्वतः दाबला, सावकाश वळवली आणि परत निघाली. तोंडभर हसत होती. आता आठवलं, ते हसणं मी कधी पाहिलं होतं. इथेच. पहिला ब्रेक मारायच्या आधी.

घरी आल्यावर हे रजिस्टर काढून रीतसर नोंद केली :

विद्यार्थी क्र. ४११३. नातं : बायको. धडा दुसरा. पहिल्या आणि दुसऱ्या धड्यातलं अंतर : सव्वीस वर्षं. वेळ : अर्धा तास. प्रशिक्षकाने मारलेले ब्रेक : शून्य.

ही चहाचा कप घेऊन खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "शून्य काय? पाय नऊ वेळा गेला. मी मोजले."

खोटी नोंद मी आजवर केलेली नाही. शून्य खोडून नऊ लिहिले. मागच्या वेळी अकरा होते.

शेरा : प्रशिक्षकात किंचित सुधारणा.